स्वस्त चुकांची शाळा : ऑनलाइन पोकरचा नवशिका शहाणा कसा झाला?

#धागा #इतिहास

१.
१ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’ या संकेतस्थळावर खऱ्या पैशांच्या ऑनलाइन पोकरचा पहिला डाव वाटला गेला. त्यापूर्वी सुमारे पावणेदोनशे वर्षे हा खेळ माणसे एका टेबलाभोवती, एकमेकांचे डोळे न्याहाळत खेळत होती. त्या दिवसापासून समोरचा चेहरा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी प्रत्येक डावाची लेखी नोंद आली. एक-दोन सेंटच्या टेबलावर बसणारा सामान्य नवशिका त्या नोंदीच्या आधाराने संभाव्यतेचे गणित कसे शिकला आणि त्या शिक्षणाचे शुल्क कोणी भरले, त्याचा हा इतिहास.

२.
आधी खेळाची ओळख. ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारात ५२ पानांचा कॅट असतो. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग एक. मधल्या चार फेऱ्यांत बोली लागते. दोन खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच सक्तीची बोली लावावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. ‘कॅश गेम’ म्हणजे ज्यात प्रत्येक चकती रोख पैशाइतकीच असते आणि खेळाडू केव्हाही उठून जाऊ शकतो. १ व २ सेंट ब्लाइंडच्या टेबलावर शंभर मोठे ब्लाइंड घेऊन बसायला अवघे २ डॉलर पुरतात. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

३.
कोणतीही विद्या चुकांतून येते. वादक बेसूर वाजवत शिकतो, मल्ल आखाड्यात पाठ टेकवत शिकतो. पोकरमध्ये मात्र प्रत्येक चुकीला रोख किंमत असते. म्हणून हा खेळ लोक कसे शिकत गेले याचा इतिहास म्हणजे एका अर्थी चुकीच्या किमतीचाच इतिहास होय. ही किंमत दीडशे वर्षे फार चढी होती. १९९८ नंतर ती अचानक कोसळली.

४.
प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. न्यू ऑर्लिन्स बंदर आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटी ही पोकरची जन्मभूमी. जोनाथन ग्रीन या जुगार सोडलेल्या जुगाऱ्याने १८४३ च्या पुस्तकात बोटींवरच्या अशा खेळाचे वर्णन केले आहे. तेव्हा कॅट २० पानांचा होता: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चौघांत पाच-पाच पाने वाटली की कॅट संपला. प्रवासात खिशात पैसे असलेला नवखा व्यापारी आणि पत्त्यांच्या हातचलाखीवर पोट भरणारा सराईत एकाच टेबलावर बसत. नवखा शिकेपर्यंत त्याचा खिसा रिकामा झालेला असे आणि बोट पुढच्या धक्क्याला लागलेली असे.

५.
ज्या गणिताने त्या व्यापाऱ्याला वाचवले असते, ते युरोपात केव्हाच लिहिले गेले होते. इटालियन वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्दानो स्वतः जुगारी होता. त्याने सोळाव्या शतकात फाशांवर ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावातील पैशांची न्याय्य वाटणी कशी करावी, यावर पत्रव्यवहार केला. १६५७ मध्ये हायगेन्सने त्या विचाराला पुस्तकाचे रूप दिले. आजच्या भाषेत ते ‘अपेक्षित मूल्य’: एखादा निर्णय पुन:पुन्हा घेतला तर सरासरी काय मिळेल याचे माप.

६.
आपल्या परंपरेत या विद्येची एक जुनी प्रतिमा आहे. महाभारताच्या वनपर्वातील नल द्यूतात राज्य गमावतो आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे केवळ दृष्टिक्षेपाने सांगतो. नल गाडी थांबवून मोजतो, आकडा जुळतो. मग नल अश्वविद्या देऊन त्याच्याकडून ‘अक्षहृदय’ घेतो आणि परत खेळून राज्य मिळवतो. ही कथा आहे, गणिताचा पुरावा नव्हे. पण द्यूतातले कौशल्य आणि मोजण्याचे कौशल्य यांचे नाते कथाकाराला जाणवले होते, हे निश्चित. त्या नात्याला पोकरमध्ये यायला विसावे शतक उजाडावे लागले.

७.
१९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी दोन प्रतिस्पर्ध्यांच्या खेळांविषयीचा मूलभूत सिद्धान्त सिद्ध केला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या एका सोप्या प्रतिकृतीचे विश्लेषण मांडले. त्यातून दिसले की हूल देणे हा केवळ धाडसाचा वा धूर्तपणाचा भाग नाही. चोख खेळात हलक्या पानांवरही ठरावीक प्रमाणात मोठी बोली लावावीच लागते. जो कधीच हूल देत नाही, त्याची भारी पाने सर्वांना आधीच कळतात. पण हे पान उलटून पाहणारे वाचक विद्यापीठांत होते, पोकरच्या टेबलावर नव्हते.

८.
टेबलावरची विद्या वेगळ्या वाटेने लिहिली गेली. टेक्ससमध्ये रुजलेला होल्डेम १९६० च्या दशकात लास वेगासला पोचला. १९७० मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू केली. तिचे १९७६ आणि १९७७ चे मुख्य विजेते डॉयल ब्रन्सन यांनी दशकाच्या अखेरीस ‘सुपर सिस्टिम’ हा जाडजूड ग्रंथ काढला. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ मध्ये होल्डेमच्या पहिल्या दोन पानांची प्रतवारी मांडली आणि १९८७ मध्ये ‘द थिअरी ऑफ पोकर’. त्यांचे मुख्य सूत्र असे: प्रतिस्पर्ध्याची पाने उघडी दिसत असती तर जसे खेळला असता, त्यापासून तुम्ही जितके दूर जाल तितका त्याचा लाभ.

९.
पुस्तके आली तरी एक अडचण राहिली. समोरासमोरच्या टेबलावर तासाला जेमतेम ३० डाव होतात. एक लाख डावांचा अनुभव हवा असेल तर ३,३०० हून अधिक तास, म्हणजे आठवड्याला ४० तास बसूनही दीड वर्षाहून जास्त काळ. शिवाय झालेला डाव आठवणीत राहतो तो सोयीस्कर रूपात: जिंकलेला पराक्रम म्हणून, हरलेला दैवगती म्हणून. कोणती चूक वारंवार होते, हे दाखवणारा आरसा नव्हता.

१०.
ऑनलाइन टेबलाने तीन गोष्टी एकदम दिल्या. एक, वेग: चार टेबले उघडली तर तासाला अडीचशेहून अधिक डाव, एक लाख डाव चारशे तासांच्या आत. दोन, नोंद: प्रत्येक डावाची लेखी प्रत संगणकात साठू लागली आणि ‘पोकरट्रॅकर’सारखी सॉफ्टवेअर ती वाचून खेळाडूच्या सवयींचे कोष्टक मांडू लागली. तीन, किंमत: कॅसिनोत इतका छोटा खेळ परवडतच नाही, वाटणाऱ्याचा पगार निघत नाही. संगणकाला पगार नसल्याने १ सेंटचे टेबलही चालू शकले. चूक स्वस्त झाली आणि ती मोजताही येऊ लागली.

११.
मग २००३ साल आले. टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ स्पर्धकांत पहिला आला. बक्षीस २५ लाख डॉलर. आडनावच ‘पैसे कमावणारा’; वृत्तपत्रांना आणखी काय हवे! पुढच्या वर्षी स्पर्धक झाले २,५७६ आणि २००६ मध्ये ८,७७३. छोट्या टेबलांवर नवशिक्यांचा लोंढा आला. बहुतेकांनी मनीमेकरचा विजय पाहिला होता. फार थोड्यांनी स्क्लान्स्की वाचला होता.

१२.
त्या लोंढ्यातले जे टिकले, ते काय शिकले? पहिला धडा पाने टाकण्याचा. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. चिन्हांचा भेद बाजूला ठेवला तर १६९ प्रकार उरतात. दोन एक्के हाती येण्याची शक्यता २२१ मध्ये एक. बहुसंख्य जोड्या सामान्य असतात. नवशिका खेळायला आलेला असतो, त्यामुळे निम्म्याअधिक डावांत तो शिरतो. सहा जणांच्या टेबलावर जाणता खेळाडू साधारण पाचांतले चार डाव पाने टाकून देतो. सवयींच्या कोष्टकातला पहिला रकानाच हा होता: शंभरांपैकी किती डावांत तुम्ही आपण होऊन पैसे घातले?

१३.
दुसरा धडा जागेचा. बोली एका दिशेने फिरते. जो शेवटी बोलतो, त्याला इतरांचे निर्णय पाहून आपला निर्णय घेता येतो. जो आधी बोलतो, तो अंधारात चालतो. म्हणून तीच दोन पाने एका जागेवरून खेळण्याजोगी, दुसऱ्या जागेवरून टाकण्याजोगी ठरतात. जुन्या खेळाडूंना हे ठाऊक होतेच. नवे इतकेच की आता नवशिक्याला स्वतःचा हिशेब जागावार पाहता येऊ लागला. शेवटी बोलण्याच्या जागेवर आपण कमावतो आणि सक्तीच्या बोलीच्या जागांवर गमावतो, हे दिसले की उपदेशाची गरज उरत नाही.

१४.
तिसरा धडा पास्काल-फर्माचा. टेबलावर २० सेंट आहेत. समोरचा १० लावतो. तुम्ही १० भरून ३० मिळवू पाहता, म्हणजे ४० मधले १०: चारांत एकदा तरी जिंकायला हवे. चार पाने उघडली आहेत, तुम्हाला पाचवे बदाम हवे. न दिसलेली पाने ४६, त्यांत बदाम ९. शक्यता २० टक्क्यांहून किंचित कमी. पुढे आणखी काही मिळण्याची आशा नसेल, तर पाने टाकावीत. समोरच्याने ४ सेंटच लावले असते तर २८ मधले ४, म्हणजे १५ टक्क्यांहून कमी शक्यता पुरली असती. मग भरणे योग्य. पाने तीच, निर्णय उलटा. मिसिसिपीवरच्या व्यापाऱ्याकडे हा हिशेब नव्हता.

१५.
चौथा धडा थोडा मौजेचा. फॉन नॉयमन यांची हूल ज्याने वाचली, तो नवशिका छोट्या टेबलावर हुलीवर हूल देऊ लागला आणि बुडाला. कारण हूल यशस्वी व्हायला समोरच्याने पाने टाकावी लागतात, आणि दोन सेंटच्या टेबलावर कुतूहलापोटीच लोक पैसे भरतात. तिथे लाभाची रीत साधी: भारी पाने आली की मोठी बोली लावा, नाही आली तर गप्प बसा. सिद्धान्त खोटा नव्हता; तो चोख खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी होता. समोर कोण बसले आहे हे आधी पाहावे, एवढे शहाणपण सूत्रात मावत नाही.

१६.
पाचवा धडा सर्वांत कठीण: निर्णय आणि निकाल वेगळे करणे. एक खेळाडू खरोखर चांगला आहे, शंभर डावांमागे सरासरी ५ मोठे ब्लाइंड कमावतो असे धरू. चढउतारांचे प्रमाणविचलन शंभर डावांमागे ९० ब्लाइंड धरू. सहा जणांच्या टेबलावर ते साधारण तितके असते. तर १०,००० डावांनंतरही अशा दहा चांगल्या खेळाडूंपैकी जवळजवळ तिघे तोट्यात दिसतील. एक लाख डावांनंतर पंचविसांत एक. उलट बाजूही खरी: कित्येक वाईट खेळाडू महिनोन्‌महिने स्वतःला निपुण समजू शकतात. जिंकलो म्हणजे बरोबर खेळलो, ही समजूत मोडायला एवढी मोठी नोंद लागते.

१७.
याच चढउतारांतून सहावा धडा निघाला, गंगाजळीचा. हायगेन्सने १६५७ च्या पुस्तकाच्या शेवटी वाचकांसाठी पाच प्रश्न ठेवले. शेवटचा प्रश्न दोन जुगाऱ्यांपैकी आधी कोण कफल्लक होईल, असा आहे. तोच प्रश्न २ डॉलरच्या टेबलावर पुन्हा उभा राहिला. चांगला खेळाडूही अपुऱ्या भांडवलावर बुडतो. म्हणून टेबलावर नेण्याच्या रकमेच्या वीस-तीस पट रक्कम राखून ठेवावी, ती घटली तर खालच्या टेबलावर उतरावे, असा दंडक रूढ झाला. खाली उतरण्यात मानहानी वाटणारे बहुधा पहिले गेले.

१८.
नोंदीने फसवणूकही उघडी पाडली. २००७ मध्ये ‘ॲब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावर एक खाते सर्वांची झाकलेली पाने दिसत असल्यासारखे खेळत होते. एका स्पर्धकाने आपल्या डावांची नोंद मागितली; त्याला आलेल्या फाइलमध्ये सर्वांची पाने होती. खेळाडूंनीच ती तपासली आणि असे खेळणे नशिबाच्या कक्षेत बसत नाही, हे आकड्यांनी दाखवले. कंपनीला ५ लाख डॉलर दंड झाला. बोटीवरच्या नवख्याला सराईताची हातचलाखी कधी सिद्ध करता आली नव्हती. ऑनलाइन खेळाडूंना ती आली.

१९.
पण या शाळेचे शुल्क? प्रत्येक मोठ्या डावातून चालक काही टक्के काढून घेतो. त्याला ‘रेक’ म्हणतात; आपल्याकडच्या अड्ड्यांच्या बोलीत ‘नाल’. समजा डावाची रक्कम सरासरी २० सेंट आणि नाल ५ टक्के. डावाला १ सेंट, शंभर डावांना १ डॉलर, म्हणजे ५० मोठे ब्लाइंड. सहा जणांत वाटले तर प्रत्येकामागे आठाहून अधिक. इतके इतरांहून सरस खेळलात, तर तुम्ही फक्त शून्यावर राहता. टेबलावर पैसा निर्माण होत नाही. एक शिकून कमावतो तेव्हा दुसरा न शिकता गमावतो, आणि नाल दोघांकडून निघते. चूक स्वस्त होती, पण ती दिवसाला हजार वेळा करता येत होती.

२०.
राज्यसत्तेने हस्तक्षेप केला तो याच पैशांच्या वाटेवर. १३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत बेकायदा ऑनलाइन जुगाराच्या देवघेवीला रोखणारा कायदा झाला. १५ एप्रिल २०११ रोजी सरकारी वकिलांनी तीन बड्या संकेतस्थळांच्या प्रमुखांवर आरोप ठेवले. खेळाडू त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. तेव्हा कळले की ‘फुल टिल्ट’कडे खेळाडूंच्या ठेवी परत करण्याएवढा पैसाच नाही. अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू झाली ती २०१४ मध्ये. गंगाजळीचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांचीही गंगाजळी अडकली. समोरच्या खेळाडूची संभाव्यता त्यांनी मोजली होती. पेटी सांभाळणाऱ्याची मोजली नव्हती.

२१.
आणि मग आला सर्वांत चिकाटीचा नवशिका: यंत्र. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाला स्वतःशीच खेळायला बसवले. प्रत्येक निर्णयानंतर तो मोजे: दुसरे काही केले असते तर किती अधिक मिळाले असते? या फरकाला त्यांनी ‘पश्चात्ताप’ हेच नाव दिले, आणि तो कमी करत जाणे हीच पद्धत. ४,८०० गाभे सुमारे ६८ दिवस चालले. जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर झाले की दोघांतला मर्यादित बोलीचा होल्डेम व्यवहारतः सुटला आहे. २०१७ मध्ये ‘लिब्रेटस’ने अमर्याद बोलीच्या खेळात चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावर सरस ठरला.

२२.
परिणाम दुहेरी झाला. यंत्राने शोधलेली उत्तरे विकत मिळू लागली आणि छोट्या टेबलावरचा नवशिकाही ती घोकू लागला. २००४ मध्ये नुसते ‘पाने टाका’ एवढे पाळणारा कमावत असे. दहा-पंधरा वर्षांनी तेवढ्यावर भागेना, कारण शेजारचाही तेच पाळत होता. नाल मात्र हटली नाही. ज्या खेळात दुसऱ्याचे अज्ञान हेच आपले उत्पन्न, तिथे ज्ञान पसरले की उत्पन्न आटते.

२३.
आपल्याकडे हा वाद ‘कौशल्य की नशीब’ या शब्दांत झाला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवले. शेवटी संसदेने तो प्रश्नच बाजूला ठेवला: २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला कायदा पैशांच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई करतो. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना. सोळाव्या क्रमांकातला हिशेब आठवावा: कौशल्य खरे असते, पण लाख डावांपर्यंत ते नशिबासारखेच दिसते. न्यायालयांत मतभेद का झाले, याचे एक उत्तर तिथे आहे.

२४.
त्या स्वस्त शाळेतून निघालेले धडे पैशांवाचूनही घेता येतात. घरच्या चौघांत शेंगदाणे लावून शंभर डाव खेळा. प्रत्येक डावात काय ठरवले आणि का, हे वहीत लिहा. निकालाचा रकाना शेवटी भरा. मग फक्त निर्णयांचा रकाना वाचा. स्वतःच्या निर्णयांकडे असे पाहायला कार्दानोला उभे आयुष्य होते आणि मिसिसिपीवरच्या व्यापाऱ्याला एक रात्रही मिळाली नाही.

दिवाळीतल्या तीन पत्तीत तीन एक्के येण्याची शक्यता किती? उत्तर हिशेबासह खाली लिहा.